तिरकी रेघ

नाशकात माणसाला पत्ता कसाही सांगितला तरी चालतं. "रविवार कारंज्यावर उतरा, मेनरोडला लागा आणि तिथे कुणालाही विचारा," एवढ्या भांडवलावर परगावचा पाहुणा दिवेलागणीपर्यंत घरी पोचतो. वाटेत दोनदा चुकतो, एकदा चिवडा खातो, पण पोचतो. आम्ही गोदावरीला गंगा म्हणतो. "जरा गंगेवर जाऊन येतो" असं सांगून बाहेर पडलेला माणूस तासाभरात भाजी घेऊन परत येतो, आणि घरातलं कुणीही त्याला काशीचा प्रवास कसा झाला म्हणून विचारत नाही. सांगणाऱ्याने अर्धं सांगायचं आणि ऐकणाऱ्याने उरलेलं समजून घ्यायचं, यालाच आमच्याकडे पत्ता म्हणतात.

कॉम्प्युटरकडे ही समजूत नाही. त्याला पत्ता सांगायचा तर उंबऱ्यापासून फडताळापर्यंत एकेक पायरी सांगावी लागते. अमुक ड्राइव्ह, त्यातलं तमुक फोल्डर, त्यातलं आणखी एक फोल्डर आणि त्यातली फाइल. या साऱ्या वाटेला ते लोक 'पाथ' म्हणतात. दोन पायऱ्यांच्या मध्ये एक तिरकी रेघ मारतात, म्हणजे एक नाव कुठे संपलं आणि दुसरं कुठे सुरू झालं ते यंत्राला कळतं. इतकी साधी गोष्ट. पण ती रेघ कुठल्या बाजूला झुकलेली असावी यावर जगातल्या शहाण्या माणसांचं गेली चाळीस वर्षं एकमत नाही. विंडोजवाले ती मागे रेलून मारतात, अशी \. लिनक्सवाले पुढे वाकून मारतात, अशी /. पहिलीला बॅकस्लॅश म्हणायचं, दुसरीला नुसतं स्लॅश.

माझं भांडण रेघेशी नाही. रेघ बिचारी जशी मारावी तशी पडते. माझं भांडण आहे ते या रेघा हाताने मारत बसणाऱ्यांशी. प्रोग्रॅम लिहिताना फाइलचा पत्ता शब्दाला शब्द चिकटवून तयार करायचा, मध्ये आपल्या सवयीची रेघ ठोकून द्यायची, आणि दुसऱ्याच्या यंत्रावर तो प्रोग्रॅम आडवा झाला की शांतपणे म्हणायचं, "माझ्या मशीनवर तर चालतंय!" या वाक्याइतकं उद्धट वाक्य मी सरकारी नोकरीतसुद्धा ऐकलेलं नाही.

या विषयावर बोलायचा मला काय अधिकार, असं आमचा भाचा विचारतो. तो पुण्याला प्रोग्रॅम लिहितो आणि महिन्यातून एकदा कपडे धुवायला व मला शिकवायला नाशकात येतो. त्याला मी सांगतो, बाबा रे, मी एका सरकारी कचेरीच्या अभिलेख कक्षात, म्हणजे रेकॉर्ड रूममध्ये, नोकरी केलेला माणूस आहे. तू ज्याला पाथ म्हणतोस त्या पाथवर मी शिडी लावून चढलेलो आहे. आमच्याकडे पत्ता असा असायचा: चौथं कपाट, तिसरा कप्पा, लाल रुमाल, त्यातली फाइल, फाइलीतलं पान. रुमाल म्हणजे नाक पुसायचा नव्हे. कागदांचे गठ्ठे बांधायचं फडकं. पेशवे दफ्तराचे कागदही रुमालातच बांधलेले आहेत. अ, ब, क, ड अशी कागदांची वर्गवारी असायची. कुठला कागद कायमचा जपायचा आणि कुठला ठरावीक वर्षांनी नष्ट करायचा, ते त्या अक्षरावरून ठरायचं. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला शेजारच्या जिल्ह्यात, म्हणजे तेव्हाच्या अहमदनगर आणि आताच्या अहिल्यानगरमध्ये, अनिलकुमार लखिना हे जिल्हाधिकारी होते. त्यांनी कचेरीतल्या कागदांना अशी शिस्त लावली की तिला 'लखिना पॅटर्न' हे नावच पडलं. त्या शिस्तीचं मर्म मला एका वाक्यात समजलं होतं: कागद कुठे आहे हे कारकुनाच्या डोक्यात असून उपयोगाचं नाही, ते व्यवस्थेत असलं पाहिजे. कारकून रजेवर गेला तरी कागद सापडला पाहिजे. "माझ्या मशीनवर चालतंय" म्हणणारा पोरगा हा जुन्या काळातला तो रजेवर गेलेला कारकूनच आहे. फक्त याच्या गळ्यात ओळखपत्र लटकलेलं असतं.

आता ही दोन रेघांची भानगड झाली कशी, ते थोडक्यात सांगतो. १९६९ साली अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची या जोडीने युनिक्स नावाची व्यवस्था रचायला घेतली. त्याआधीच्या मल्टिक्स नावाच्या थोरल्या भावात पायऱ्यांच्या मध्ये बाणाच्या टोकासारखं > हे चिन्ह होतं. युनिक्सने स्लॅश घेतला. आजचा लिनक्स त्याच घराण्यातला, म्हणून त्याचीही रेघ तीच.

दुसरीकडे १९८१ साली आयबीएमचा पर्सनल कॉम्प्युटर आला, त्याबरोबर मायक्रोसॉफ्टचा डॉस आला. त्या पहिल्या डॉसमध्ये फोल्डर हा प्रकारच नव्हता. सगळ्या फाइली एकाच फळीवर. फोल्डर नाही म्हणजे वाट नाही, आणि वाट नाही म्हणजे रेघेची गरज नाही. स्लॅश रिकामाच होता, तेव्हा तो कमांडीला सूचना जोडण्याच्या कामाला लावला. यादी दाखव, पण पानापानाने थांबत दाखव, असं सांगायचं तर कमांडीपुढे स्लॅश मारायचा आणि एक अक्षर लिहायचं. १९८३ साली डॉसची दुसरी आवृत्ती निघाली आणि तिच्यात फोल्डर आले. आता रेघ हवी. पण स्लॅशच्या खोलीत भाडेकरू दोन वर्षं आधीच घुसलेला. त्याला काढायला आयबीएम तयार नाही, कारण गिऱ्हाइकांच्या बोटांना त्याची सवय झालेली. पागडीच्या घरातला भाडेकरू हलवणं ज्यांनी पाहिलं आहे त्यांना पुढचं सांगायला नको. मालकाने मागच्या अंगणात नवी खोली बांधली, तीच बॅकस्लॅश. हे चिन्ह १९६१ साली बॉब बेमर नावाच्या गृहस्थांनी खटपट करून कॉम्प्युटरच्या अक्षरमालेत बसवलं होतं, ते दोन तिरक्या रेघा टेकवून गणितातली टोपीसारखी चिन्हं काढता यावीत म्हणून. टोपी घालायला आणलेली रेघ पुढे जगाला टोपी घालील अशी त्यांना काय कल्पना!

एवढ्यावर भागलं नाही. ॲपलच्या मॅकिन्टॉशने तिसरीच चूल मांडली आणि दोन टिंबांचा कोलन घेतला. २००१ साली तेही युनिक्सच्या घरात राहायला आले आणि स्लॅश मारू लागले. जपानात तर आणखी मजा. तिथल्या अक्षरमालेत बॅकस्लॅशच्या जागी येनचं चिन्ह बसवलेलं, त्यामुळे जपानी विंडोजवर फाइलच्या पत्त्यात पायरीपायरीला पैसे दिसतात. नाशिकरोडला नोटांचा छापखाना आहे, पण फाइलच्या पत्त्यात पैसे छापायची युक्ती आपल्याला सुचली नाही.

भाच्याला मी एकदा म्हटलं, "अरे, या दोघांना एकत्र बसवून एकच रेघ का ठरवत नाहीत?" तो म्हणाला, "मामा, विंडोज फालतू आहे. सगळ्यांनी लिनक्सवर यावं. प्रश्न मिटला." हा झाला आमचा पहिला प्रतिपक्ष. याला मी नाशकातलंच उत्तर देतो. आमच्याकडे दर बारा वर्षांनी सिंहस्थ भरतो. शैव आखाडे त्र्यंबकेश्वरला कुशावर्तात स्नान करतात, वैष्णव आखाडे नाशकात रामकुंडावर. पेशवाईत दोघांची आधी कोण नाहणार यावरून जुंपली, तेव्हापासून ही वाटणी आहे. दोन ठिकाणं, दोन तऱ्हेची गंधं, एक आडवं आणि एक उभं. २०१५ चा सिंहस्थ मी डोळ्यांनी पाहिला. कुठल्याही अधिकाऱ्याने साधूंना असं सांगितलं नाही की आमच्याकडे बॅरिकेड एकाच ठिकाणचे आहेत, तेव्हा तुम्ही सगळे एकाच कुंडात उतरा. बंदोबस्त दोन्हीकडे केला, बस दोन्हीकडे सोडल्या, दवाखाने दोन्हीकडे उभारले. ज्याच्या कपाळावर जे गंध असेल त्याला त्याच्या कुंडाची वाट दाखवायची. प्रोग्रॅम लिहिणाऱ्याचं काम याहून वेगळं नाही. जगाचं गंध पुसून काढायचा मक्ता त्याला कुणी दिलेला नाही.

आता हाताने रेघा मारल्या की काय होतं, ते खास नाशिककरांच्या माहितीसाठी सांगतो, कारण यात आपल्या जिल्ह्याइतकी हानी क्वचितच कुणाची होत असेल. पुष्कळशा प्रोग्रॅमिंगच्या भाषांत बॅकस्लॅशला आणखी एक अर्थ आहे. तिच्यापाठोपाठ विशिष्ट अक्षर आलं की ते अक्षर राहत नाही, सूचना होते. पाठोपाठ एन आला तर 'नवी ओळ सुरू कर'. टी आला तर 'चार बोटं सरकून लिही'. बी आला तर 'एक पाऊल मागे ये'. आता डी ड्राइव्हमध्ये रोमन लिपीत, लहान अक्षरांत, 'नाशिक' नावाचं फोल्डर करा आणि त्याचा पत्ता पायथन भाषेत सरळ हाताने लिहा. बॅकस्लॅश आणि एन यांची गाठ पडते, दोघं मिळून नव्या ओळीवर पसार होतात, आणि मागे उरतो 'आशिक'! डी ड्राइव्हच्या दारात उभा असलेला, पत्ता हरवलेला आशिक.

मी चिकाटीने सगळा जिल्हा तपासला. एकूण तालुके पंधरा. त्यांपैकी नाशिक, निफाड आणि नांदगाव हे तीन एनमुळे गेले. त्र्यंबकेश्वर टीमुळे गेलं, मागे 'रिंबकेश्वर' उरलं. बागलाण बीमुळे एक पाऊल मागे आलं. पंधरातले पाच तालुके एका रेघेत साफ! इतकी पडझड गोदेच्या पुरानेही एका दिवसात केली नसेल. येवला, सिन्नर, मालेगाव वगैरे उरलेले दहा वाचतात, पण तेही पायथनची कुरकुर ऐकूनच. शहरात शिरलं तर रामकुंडाचं 'आमकुंड' होतं. अंबडच्या औद्योगिक वसाहतीचं फोल्डर केलं तर बॅकस्लॅश आणि ए यांचा अर्थ होतो 'घंटा वाजव'. काळाराम मात्र सुखरूप आहे. विंडोज ज्या 'यूझर्स' नावाच्या फोल्डरात तुमचं-आमचं सगळं घर वसवतं, त्याचा पत्ता सी ड्राइव्हपासून नुसता लिहिला तर पायथन पहिल्याच पावलाला हात वर करतो, कारण मोठ्या लिपीतल्या यू अक्षरालाही असाच दुसरा अर्थ आहे. स्वतःच्या घराचा पत्ता सांगता न येणं ही वेळ माणसावर फार उतारवयात येते. प्रोग्रॅमवर ती जन्मतःच आणलेली आहे.

रेघ संपली की नावांची भानगड सुरू होते. आमच्या गावाचं नाव नाशिक की नासिक, यावर इथे अजून वाद घालता येतो. १८८३ साली निघालेल्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरमध्ये 'नासिक' आहे, आणि शूर्पणखेच्या नाकाचा हवाला देऊन 'नासिक'च खरं म्हणणारे पुष्कळ भेटतात. पण दोन्ही पक्षांची पत्रं पोस्टमन एकाच घरी टाकतो. विंडोज हा त्या पोस्टमनसारखा निदान अक्षराच्या लहानमोठेपणाकडे दुर्लक्ष करतो. रोमन लिपीत नाशिकचा एन मोठा लिहा की छोटा लिहा, तो एकाच फोल्डरात जातो. लिनक्सच्या लेखी मोठ्या एनचं नाशिक आणि छोट्या एनचं नाशिक ही दोन वेगळी गावं. विंडोजवर बसून निष्काळजीपणे कधी मोठं, कधी छोटं लिहिणाऱ्याचा प्रोग्रॅम तिथे वर्षभर सुखाने चालतो आणि लिनक्सवर पहिल्या दिवशी म्हणतो, "असं गाव नाही."

आणि आपला सातबारा? महसूल खात्यातला गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा मिळून सातबारा. सगळा महाराष्ट्र तो ७/१२ असा लिहितो. आता या नावाची फाइल करून दाखवा! विंडोज सरळ नकार देतं. लिनक्सच्या मते '७' हे फोल्डर आणि त्याच्या आत '१२' ही फाइल. म्हणजे ज्या कागदावर अख्ख्या खेड्याची भाऊबंदकी उभी आहे, त्या कागदाचं नाव ठेवायचीच सोय नाही. तीच गत तारखेची, तीच कोर्टाच्या दावा क्रमांकाची, तीच कचेरीच्या जावक क्रमांकाची. आम्ही आयुष्यभर कागदोकागदी तिरक्या रेघा मारल्या, त्यातली एकही या यंत्राला पोटात घालता येत नाही. प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने हे आधीच ओळखायला हवं आणि नावातली रेघ बदलून आडवी करून घ्यायला हवी. तो मात्र कारकुनालाच दटावतो, "काका, नावात स्लॅश टाकू नका."

मराठीत नाव ठेवावं तर वेगळाच तमाशा. 'शेतकऱ्यांची यादी' हे नाव घ्या. त्यातला 'ऱ्या' पडद्यावर एकच दिसतो, पण तो आतून निरनिराळ्या प्रकारे टाइप झालेला असू शकतो. शिवाय मॅकची जुनी फाइलव्यवस्था या 'ऱ'ची फोड करून र वेगळा आणि खालचा नुक्ता वेगळा अशी नोंद करायची. लिनक्स जसं दिलं तसं ठेवतो. मग एका यंत्रावरची शेतकऱ्यांची यादी दुसऱ्यावर नेली की डोळ्यांना दोन्ही नावं तंतोतंत सारखी, आणि कॉम्प्युटर म्हणतो, शेतकरी सापडत नाहीत. कर्जमाफीच्या याद्यांतून शेतकरी नाहीसे होण्याची अनेक कारणं आजवर ऐकली होती, त्यात या एका नुक्त्याची भर. लांबीचंही तसंच. लिनक्सवर एका नावाला साधारण २५५ बाइट जागा मिळते. इंग्रजी अक्षराला एक बाइट पुरतो, आपल्या प्रत्येक अक्षराला, कान्याला, मात्रेला तीन लागतात. म्हणजे पंचाऐंशी चिन्हांत मराठी नाव संपलं पाहिजे. एकट्या त्र्यंबकेश्वराचीच तेरा चिन्हं होतात. शासन निर्णयाचा विषय तर पंचाऐंशी चिन्हांत 'च्या अनुषंगाने'पर्यंतसुद्धा पोचत नाही. विंडोजवर तर सबंध वाटेलाच २६० ची मर्यादा होती. २०१६ पासून ती उठवायची सोय झाली आहे, पण आपण होऊन उठवावी लागते.

हे सगळं ऐकून दुसरा प्रतिपक्ष म्हणतो, "आमच्या गिऱ्हाइकांकडे फक्त विंडोज आहे. आम्हाला काय करायचंय लिनक्सशी?" अहो, पण गिऱ्हाइकाच्या टेबलावर विंडोज असलं तरी त्याची माहिती हल्ली टेबलावर राहते कुठे? ती कुठल्या तरी भाड्याच्या सर्व्हरवर असते, आणि तो बहुधा लिनक्सचाच असतो. त्याच्या खिशातला अँड्रॉइड फोनही पोटातून लिनक्सच. तुमच्या गिऱ्हाइकाने तुम्हाला न विचारताच घर बदललेलं आहे. तुम्ही जुन्याच पत्त्यावर पाकिटं टाकत बसला आहात.

तिसरा प्रतिपक्ष जरा अभ्यासू असतो, म्हणून त्याला खुर्ची देऊन बोलतो. तो म्हणतो, "विंडोजलाही आतून स्लॅश समजतो. मग सगळीकडे स्लॅशच लिहा, झालं." यात तथ्य आहे. फाइल उघडायची विनंती स्लॅशने केली तरी विंडोज बहुतेक वेळा ती ऐकतं. पण सगळं ऐकत नाही. विंडोजच्या काळ्या खिडकीत यादी मागताना 'नाशिक/सिन्नर' असं लिहा. तिला सिन्नर हे गाव दिसत नाही, तिला सूचना दिसते. १९८१ चा तो भाडेकरू अजून खोलीत आहे! शिवाय तुम्ही स्लॅश लिहिलात तरी विंडोजकडून जे पत्ते परत येतात ते बॅकस्लॅशचे. मग तुमचा प्रोग्रॅम दोन पत्ते शेजारी ठेवतो आणि एकाच घराला दोन घरं समजतो. रेशनकार्डावर एकाच माणसाची दोन नावं निघाली की काय होतं ते आपल्याला माहीत आहे. एकाच रेघेवर भिस्त ठेवणं ही अर्धी युक्ती आहे, आणि अर्धी युक्ती नेमकी शनिवारी संध्याकाळी दगा देते.

आता कुणी म्हणेल, एवढ्याशा रेघेपायी एवढा आरडाओरडा कशाला? तर कशाला ते सांगतो. इथल्या एका पतसंस्थेत मी रांगेत उभा होतो. माझ्यापुढे एक निवृत्त शिक्षिका होत्या. मुदतठेवीवरच्या व्याजाचा दाखला न्यायला त्या तिसऱ्यांदा आल्या होत्या. खिडकीतली मुलगी कळवळून म्हणत होती, "काकू, दाखला तयार झालाय असं दिसतंय, पण सिस्टीममध्ये फाइल सापडत नाही." बाईंनी दुपारच्या उन्हात पुन्हा रिक्षा शोधली. पुढे भाच्याने त्या पतसंस्थेचं काम पाहिलं तेव्हा उलगडा झाला. प्रोग्रॅम विंडोजवर बसून लिहिलेला, नेऊन ठेवला लिनक्सच्या सर्व्हरवर. पत्त्यात बॅकस्लॅश हाताने मारलेले. आता लिनक्सला बॅकस्लॅश ही पायरी वाटतच नाही, त्याला ते नावातलंच एक अक्षर वाटतं. त्यामुळे 'दाखले' नावाच्या फोल्डरात फाइल ठेवण्याऐवजी त्याने बाहेरच एक फाइल केली आणि तिचंच नाव ठेवलं 'दाखले, बॅकस्लॅश, अमुक तमुक'. चूक झाल्याची तक्रार नाही, घंटा नाही, लाल अक्षरं नाहीत. काम फत्ते म्हणून कळवून मोकळा! आमच्या कचेरीच्या भाषेत सांगायचं तर कागद लाल रुमालात बांधण्याऐवजी कपाटाच्या डोक्यावर ठेवला आणि त्यावर चिठ्ठी लावली, 'लाल रुमालात आहे'. आमच्यातल्या सगळ्यात आळशी शिपायानेही हे केलं नसतं. पण शिपायाने केलं असतं तर त्याला नोटीस निघाली असती. इथे नोटीस कुणाला? हेलपाटे बाईंना, बोलणी खिडकीतल्या मुलीला, आणि रेघ मारणारा पुण्यात कॉफी पितोय.

बरं, यावर उपाय फार अवघड असता तर मी गप्प बसलो असतो. उपाय तयार आहे, फुकट आहे आणि बहुतेक भाषांत आहे. पत्त्याचे तुकडे भाषेच्या हवाली करायचे आणि म्हणायचं, "बाई, तू जोड." ज्या यंत्रावर प्रोग्रॅम चालतोय त्याची रेघ तिला ठाऊक असते, ती बरोबर जोडून देते. पायथनमध्ये पत्ते जोडून देणारी जुनी सोय होतीच, २०१४ पासून 'पाथलिब' नावाचं स्वतंत्र दालन आहे. जावात २०११ पासून पत्त्यासाठी वेगळी वस्तूच आहे. सी प्लस प्लससारख्या जुन्याजाणत्या भाषेलाही २०१७ साली ही बुद्धी झाली. या साऱ्यांनी एकच गोष्ट मान्य केली आहे, की पत्ता म्हणजे अक्षरांची माळ नव्हे, पत्ता ही पायऱ्यांची वाट आहे. त्याचबरोबर आपल्या घरचा पत्ता, म्हणजे 'सी ड्राइव्ह, माझं नाव, डेस्कटॉप, फायनल, फायनल दोन', प्रोग्रॅमच्या पोटात कोरून ठेवायचा नाही. फाइली कुठे ठेवायच्या ते यंत्राला विचारायचं किंवा बाहेरून सांगायची सोय ठेवायची. नाव लिहिताना मोठं-छोटं अक्षर एकदा ठरवायचं आणि पाळायचं. आणि गिऱ्हाइकाच्या हाती देण्यापूर्वी एकदा, फक्त एकदा, दुसऱ्या जातीच्या यंत्रावर चालवून पाहायचं. स्वयंपाक करणारी बाईसुद्धा आमटी वाढण्यापूर्वी चाखते, आणि तिला तर वेतनवाढही नसते.

हे सगळं मी भाच्याला तासभर ऐकवलं. आमची ही मधून मधून "पुरे आता" म्हणत होती, पण तिचं ते नेहमीचंच. शेवटी भाचा म्हणाला, "मामा, पण डेडलाइन असते ना. हाताने लिहायला दोन सेकंद लागतात." मी म्हटलं, "अरे, सांगून जोडून घ्यायला किती लागतात?" त्याने विचार केला आणि खरं ते सांगितलं, "पाच."

तीन सेकंद! तीन सेकंद वाचवण्यासाठी त्या बाई तीनदा उन्हातून आल्या.

पोरगं मनाने चांगलं आहे. सध्या त्याने नवा प्रोग्रॅम लिहायला घेतलाय, आणि आमच्यात एक पैज लागली आहे. चाचणीसाठी फोल्डरांची नावं मी द्यायची. मी दिली आहेत: छोट्या एनचं नाशिक, त्यात त्र्यंबकेश्वर, त्यात अंबड, आणि सगळ्यात आत शुद्ध मराठीत 'शेतकऱ्यांची यादी'. हा सगळा संसार विंडोजवर, लिनक्सवर आणि शेजाऱ्यांच्या मॅकवर बिनतक्रार उघडला तर पाव किलो पेढे मी द्यायचे, नाही उघडला तर त्याने. तीन रविवार झाले, पेढे तोच आणतोय. डॉक्टरांनी मला गोड बंद केलंय हे मी त्याला अजून सांगितलेलं नाही.